नेरूळचा बंड्या आणि भिंतीतले गोचीड

रुग्णाचं नाव बंड्या. लॅब्रॅडॉर, नर, वय चार वर्षं, वजन 31 किलो. राहायला नेरूळमध्ये, सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. ऑक्टोबरच्या मध्याला त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा तीन दिवसांपासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि त्या सकाळी फरशीवर नाकातून पडलेले रक्ताचे थेंब दिसले होते. घरचे त्या थेंबांना घाबरून आले होते. आधीच्या मरगळीचा दोष त्यांनी ऑक्टोबरच्या उकाड्यावर टाकला होता.

ताप 104.2 फॅरनहाइट होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं. हिरड्या फिकट, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजलेल्या, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके, बोटाने दाबले तरी न मावळणारे. कानाच्या घडीत, पंजाच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड होते. फुगलेल्या राखाडी माद्या, चपटे तांबूस नर आणि भिंग धरल्यावर दिसणारी सहा पायांची पिल्लं. सगळ्या वयाचे गोचीड एकाच कुत्र्यावर एकाच वेळी सापडले, की त्यांची पैदास जवळपासच कुठेतरी चालू आहे हे उघड असतं.

आजी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी रोज याला मांडीवर घेऊन वेचते हो. वाटीभर निघतात. दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. हे येतात तरी कुठून?"

हा प्रश्न त्या घरात दोन वर्षं विचारला जात होता. काकांचं उत्तर ठरलेलं होतं: ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेच्या गवतातून. बंड्याचं तिथलं फिरणं त्यांनी जूनपासून बंद केलं होतं, तरी गोचीड वाढतच होते.

रक्त काय सांगत होतं

प्लेटलेट 34,000. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे तेही बरंच खाली. एर्लिकियाची, म्हणजे गोचीड तापाच्या जिवाणूची, कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली. काचपट्टीवर बबेसिया, तांबड्या पेशींत वाढणारा परजीवी, दिसला नाही, पण आपल्याकडे हे दोन्ही आजार एकाच गोचिडाच्या चाव्यातून जोडीने येतात, म्हणून पीसीआरला नमुना पाठवला. तो निगेटिव्ह आला आणि उपचार सरळ झाले.

एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींमध्ये शिरून वाढतो. 1935 साली अल्जीरियात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो जर्मन शेफर्ड दगावले तेव्हा जगाने त्याची धास्ती घेतली. चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, प्लेटलेट घसरतात, भूक जाते. पुष्कळ कुत्री या पहिल्या टप्प्यातून आपोआप सावरल्यासारखी दिसतात आणि तिथेच घात होतो. जिवाणू शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहतो. काही कुत्र्यांत तो शेवटी अस्थिमज्जेपर्यंत पोचतो, मग रक्त तयारच होत नाही आणि त्या अवस्थेतून कुत्रं वाचवणं फार अवघड जातं. बंड्या वेळेत आला.

औषध डॉक्सिसायक्लिन, दिवसाला किलोमागे 10 मिलीग्रॅम या हिशेबाने, दोन वेळांत विभागून, 28 दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता 28 हा आकडा कागदावर मोठा लिहून त्याभोवती गोल काढते. गोळी जेवणासोबत द्यायची आणि वरून पाणी पाजायचं, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. आजी गोळी दह्यात कालवून देणार होत्या. दूध-दह्यातलं कॅल्शियम या औषधाचं शोषण कमी करतं, म्हणून चिकनच्या तुकड्यात द्यायचं ठरलं. तापावर माणसांची कुठलीही गोळी द्यायची नाही, हे वेगळं बजावलं. प्लेटलेट इतक्या कमी असताना दुखण्याच्या साध्या गोळीनेही आतून रक्तस्राव होऊ शकतो.

आणि आजींना वेचणं थांबवायला सांगितलं. प्लेटलेट घसरलेल्या कुत्र्याच्या अंगावरून एका बैठकीत डझनभर गोचीड उपटले, तर प्रत्येक जागा भळभळत राहते. एखाददुसरा काढायचाच असेल तर चिमटा कातडीला लागून धरून सरळ वर ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायचा. नखावर चिरडायचा नाही. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं यातलं काहीच नको.

काकांची पिशवी

दुसऱ्या भेटीला काकांना मी आतापर्यंतची सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि दोन वर्षांचा इतिहास समोर पसरला.

मानेवर टाकायच्या थेंबांच्या ट्यूबा होत्या. त्यातलं औषध चांगलं होतं, पण ते कातडीच्या तेलात मुरावं लागतं आणि बंड्याला दर रविवारी शाम्पूने आंघोळ होती. शनिवारी थेंब, रविवारी आंघोळ. महिन्याला एक द्यायची चघळायची गोळी होती, पण पाकिटावर 10 ते 25 किलो असं छापलेलं. बंड्या पिल्लू असताना लिहून दिलेली तीच गोळी 31 किलोच्या कुत्र्याला चालू होती. तीही जुलैनंतर बंद, कारण पावसात फिरणं बंद म्हणून गोचीडही लागणार नाहीत असा समज. प्रत्यक्षात आपल्या दमट पावसाळ्यात घरात यांची वाढ जोमाने होते.

तळाशी एक बाटली होती, गावाहून भावाने पाठवलेली. गुरांच्या गोचिडाचं अमिट्राझ. "म्हशीला चालतं, मग याला काय होतंय," असं भावाचं म्हणणं. अमिट्राझ कुत्र्यांच्या औषधांतही असतं, पण मोजून पातळ केलेलं. अंदाजे टोपणभर ओतलं आणि कुत्र्याने अंग चाटलं, तर तो सुस्त पडतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. बाटली अजून उघडली नव्हती, हे बंड्याचं नशीब.

घरगुती उपायांबद्दल मला इथे स्पष्ट बोलायचं आहे, कारण ते प्रेमापोटी केले जातात आणि त्यांनी जीव जातात. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटीन. डांबर गोळ्या, कापूर, रॉकेल, फिनाइल ही कुत्र्याला विषं आहेत. लसणाने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने पुसण्यात नुकसान नाही, पण गोचीड ताप रोखण्याच्या भरवशाचं ते नाही.

घर पाहिलं तेव्हा

ताप दोन दिवसांत उतरला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टॉर्च आणि चिकटपट्टी घेऊन त्यांच्या घरी गेले. असं घरी जाणं सगळ्या रुग्णांच्या बाबतीत जमत नाही. इथे गेल्याशिवाय उलगडा होणार नव्हता.

कुत्र्यांवर शहरात सापडणारा हा तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सॅन्ग्विनियस, गवताचा फारसा भुकेला नाही. येऊर किंवा कर्नाळ्याच्या रानात फिरणाऱ्या कुत्र्यांवर वेगळ्या जातींचे गोचीडही मिळतात, पण फ्लॅटमधल्या कुत्र्यावर वर्षभर दिसणारा जवळपास नेहमी हाच. हा चार भिंतींत आयुष्य काढू शकतो. पिल्लू कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, उतरतं, फटीत जाऊन कात टाकतं. मग आठ पायांचं होऊन पुन्हा चढतं, पितं, उतरतं. प्रौढ झाल्यावर तिसऱ्यांदा तेच. तिन्ही वेळचं चढणं मिळून त्याच्या आयुष्याचा लहानसा भाग होतो. उरलेला सगळा काळ तो घरात असतो. पोट भरलेली मादी उतरून वर चढायची जागा शोधते आणि एका वेळी हजार-दोन हजार, कधी चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. हवा उबदार असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होतो, आणि नवी मुंबईत हवा थंड होते तरी कधी?

म्हणून मी जमिनीकडे कमी आणि वर जास्त पाहिलं. बंड्या झोपायचा तो दिवाण. खालच्या प्लायवूडच्या सांध्यात ओळीने नर बसलेले. दिवाणामागची भिंत ओल येऊन फुगली होती आणि रंगाचा पापुद्रा सुटला होता. पापुद्रा नखाने उचलला तर आत कात टाकलेली रिकामी कवचं आणि जिवंत पिल्लं. पडद्याच्या चुण्यांत वरच्या पट्टीपाशी दोन फुगलेल्या माद्या. ग्रीलच्या चौकटीत, स्विचबोर्डच्या कडेला, देवाच्या तसबिरीमागे.

खरा साठा माळ्यावर निघाला. गणपतीचं मखर या घरात पुठ्ठ्याचं होतं, काकूंच्या मुलीने थर्माकोल नको म्हणून हौसेने केलेलं. विसर्जनानंतर ते महिनाभर दिवाणाच्या वरच्याच माळ्यावर उभं ठेवलं होतं. मी एक कमान खाली घेतली. नालीदार पुठ्ठ्याच्या उघड्या कडेला, दोन कागदांमधल्या बारीक बोगद्यांत, खसखशीसारखी तपकिरी चकचकीत अंडी ठासून भरलेली होती. एका बोगद्याच्या तोंडाशी अंडी घालून सुकलेली मादी अजून चिकटलेली. शेजारच्या बोगद्यातली अंडी फुटली होती आणि माझ्या बोटाची ऊब लागताच पिल्लं कडेला येऊन पुढचे पाय हवेत हलवू लागली. कुत्र्याचा श्वास आणि अंगाची ऊब ती याच पायांनी हुंगतात. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, आणि आम्ही दोन वर्षं ह्या लेकराला घासतोय."

त्याच वेळी आजींनी कोपराच्या आत खाजतंय म्हणून हात पुढे केला. तिथे एक छोटा गोचीड रुतलेला होता. कुत्रं मिळालं नाही किंवा संख्या फार झाली, की हा माणसालाही चावतो. कुत्र्याने चाटल्याने किंवा त्याच्या ताटाजवळ बसल्याने एर्लिकिया माणसाला होत नाही. पण हेच गोचीड रिकेट्सिया कोनोरी हा जिवाणू वाहू शकतात आणि त्यातून माणसाला ताप, पुरळ, तीव्र डोकेदुखी होते. आजींना सांगितलं, की पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर तुमच्या डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आधी सांगा. नाहीतर आपल्याकडे तपास डेंग्यू-मलेरियावर थांबतो. ताप आला नाही.

कुत्र्याला घरातच ठेवायचं

काकांचा बेत असा होता, की बंड्याला महिनाभर बहिणीकडे कोपरखैरण्याला पाठवायचं, घरात पेस्ट कंट्रोल करायचं आणि मग परत आणायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण उपाशी प्रौढ गोचीड वर्षाहून जास्त काळ तग धरू शकतो. महिन्याने बंड्या परत आला असता तर सगळे त्याची वाट पाहत बसलेले असते. मधल्या काळात त्यांना आजी मिळाल्या असत्या.

म्हणून मी उलट सांगितलं: बंड्याला घरातच ठेवा, पण अंगात औषध असलेला. त्याला वजनाप्रमाणे फ्लुरलानरची गोळी दिली, जिचा असर 12 आठवडे टिकतो. आधी फिट्स आल्या होत्या का, हे विचारून घेतलं. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2018 मध्ये दिला आहे. बंड्याला तसा त्रास कधी नव्हता. आता भिंतीतून भूक लागून जो कोणी बाहेर येईल तो बंड्यावर चढेल, चावेल आणि अंडी न घालता मरेल. घर रिकामं होण्याचा हाच मार्ग, आणि त्याला वेळ लागतो. पुढचे कितीतरी आठवडे त्याच्या अंगावर गोचीड दिसणार, वाळलेले किंवा अर्धमेले. त्यावरून "गोळी लागू पडली नाही" असं ठरवून ब्रँड बदलायचा नाही. दोन वर्षं या घरात नेमकं हेच झालं होतं.

गोळीची एक मर्यादा काकांना सांगितली. गोचीड चावल्यावरच तिचं काम सुरू होतं आणि एर्लिकियाचा जिवाणू चाव्यानंतर काही तासांतच शिरू शकतो. म्हणून गळ्यात फ्लुमेथ्रिनचा पट्टाही घातला, शक्य तितके चाव्याआधीच दूर राहावेत यासाठी.

फवारणीवाल्याला काय करायचं ते लिहून दिलं, कारण फरशीवर पंप फिरवून जाणं हीच त्यांची सवय. फटी, चौकटी, दिवाणाचे सांधे, भिंत आणि छत मिळतं तो कोपरा, माळा, बाहेरची कुंपणभिंत. अंड्यांवर या औषधांचा भरवसा नसतो, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी. मखर तिथेच फवारून जाड पिशवीत घट्ट बांधून टाकून दिलं. ओल आलेलं प्लास्टर खरवडून पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. दिवाणाच्या जागी लोखंडी खाट आली.

दोन गोष्टी काकूंना आधी विचारल्या म्हणून बऱ्या. घरात माशांची टाकी होती आणि मागच्या बागेत आजी एका मांजरीला दूध घालायच्या. फवारणीतली पायरेथ्रॉइड औषधं माशांना फार घातक, म्हणून टाकी दुसऱ्या घरी हलवली. मांजराचं यकृत ती औषधं नीट पचवू शकत नाही, म्हणून सगळं पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला आत यायला बंदी. कुत्र्याचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावणं तर प्राणघातक. एकाच घरात दोघं असतील तर हे दारावर लिहून ठेवण्याएवढं महत्त्वाचं आहे.

त्या मांजरीच्या अंगावर पिसवा होत्या. पांढऱ्या ओल्या टिश्यूवर तिच्या लवेतले काळे कण झाडले, त्यांच्याभोवती लालसर डाग पसरला, म्हणजे ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. पिसवांचंही गणित तसंच, बहुतेक संख्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात घरातच असते; फक्त त्या वर चढत नाहीत, गालिच्यात आणि सांदीत खाली राहतात. पिसू गिळल्याने मांजराला आणि कुत्र्याला चपटे जंतही होतात. मांजरीला तिच्यासाठीचे थेंब आणि जंताची गोळी दिली. बंड्याची गोळी पिसवांवरही चालते.

जिन्याखालची दोघं

घर साफ होत आलं तरी बाहेरून भर पडणार होती. जिन्याखाली मीटरच्या खोलीजवळ दोन भटकी कुत्री झोपायची. बंड्या ग्रीलमधून त्यांच्याशी नाकाला नाक लावायचा. त्या कोपऱ्याच्या भिंतीवरही मला गोचीड मिळाले.

सोसायटीत लगेच "उचलून न्यायला सांगा" सुरू झालं. दोघांचेही कान कापलेले होते, म्हणजे नसबंदी झालेली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे नसबंदी केलेलं कुत्रं त्याच्याच जागी सोडायचं असतं. कायदा बाजूला ठेवला तरी ही दोघं गेली असती तर त्या कोपऱ्यातले गोचीड तिथेच राहिले असते आणि रिकाम्या जागेवर दुसरी, बहुधा लस नसलेली कुत्री आली असती. सेक्रेटरींना मी म्हटलं, "साहेब, या दोघांना गोळी दिली तर तुमच्या जिन्याची राखण हेच करतील."

वॉचमन रोज रात्री त्यांना पाव घालतो. त्याच्याच हाताने चिकनमधून दोघांना गोळ्या गेल्या. पहिल्या गोळ्यांचे पैसे काकांनी दिले. मीटरच्या खोलीचा कोपराही फवारला.

बंड्याच्या प्लेटलेट आठवड्यात एक लाख दहा हजार आणि 28 दिवसांनी दोन लाख साठ हजार झाल्या. काकांना कार्ड टेस्ट पुन्हा करून हवी होती. मी नको म्हटलं. ती प्रतिपिंडं शोधते आणि बरं झाल्यावरही महिनोन्महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावरून पुन्हा औषध सुरू केलेली कुत्री मी पाहिली आहेत. लक्ष प्लेटलेटवर ठेवायचं. त्या तीन महिन्यांनीही ठीक होत्या.

नोव्हेंबरभर बंड्यावर मेलेले गोचीड मिळत राहिले. डिसेंबरात क्वचित. जानेवारीत पडद्यावर एक उपाशी नर सापडला आणि काकूंनी तो डबीत घालून दाखवायला आणला. त्याच आठवड्यात बंड्याची 12 आठवड्यांची मुदत संपली होती आणि काका "आता कशाला" म्हणत होते. त्या डबीमुळे पुढची गोळी लगेच झाली. मार्चमध्ये मी पुन्हा टॉर्च घेऊन गेले. दिवाणामागची भिंत, ग्रील, माळा, सगळीकडे फक्त जुनी कवचं होती.

बंड्याची गोळी आता वर्षभर दर 12 आठवड्यांनी चालू आहे, पावसाळ्यातसुद्धा. जिन्याखालच्या दोघांच्या पुढच्या गोळ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायच्या आहेत. तो खर्च मेंटेनन्समधून करायचा की वर्गणी काढायची, यावर सोसायटीत अजून एकमत नाही. दोघांची वजनं, गोळ्यांची नावं आणि तारखा मी सेक्रेटरींना लिहून दिल्या आहेत आणि सर्वसाधारण सभेला येऊन हे सगळं समजावून सांगायला तयार आहे, असं त्याच कागदावर खाली लिहिलं आहे.